हिज्कीया राजाचा अभ्यास घरच्या गटात कसा घ्यावा

घरी आठ-दहा माणसं जमवून पुढारीपणावर शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घ्यायचा असेल तर दावीद घेऊ नका. मोशे तर नकोच. ती माणसं इतकी उंच आहेत की आपण मान वर करून बघत बसतो, चहा पितो आणि घरी जातो. हिज्कीया घ्या. यहूदाचा राजा. २५व्या वर्षी गादीवर आला, २९ वर्षं राज्य केलं. बंद पडलेलं मंदिर, बापानं करून ठेवलेलं मांडलिकत्व, खंडणी, वेढा, पाणीपुरवठा, कारभाऱ्यांची उचलबांगडी, आजारपण, परदेशी पाहुणे, सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलं. त्यातलं काही त्याला जमलं, काही साफ बिघडलं. शिकायला असाच माणूस लागतो.

माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, तेव्हा मला हा राजा का आवडतो हे उघड आहे. राजांच्या चरित्रात लढाया आणि बायका यांचीच यादी असते. याच्या चरित्रात मात्र शेवटी लिहिलंय की यानं तळं केलं, पाट खणला आणि शहरात पाणी आणलं.

आधी वाचनाची तयारी. हिज्कीयाची गोष्ट शास्त्रात तीन ठिकाणी येते: २ राजे १८ ते २०, २ इतिहास २९ ते ३२ आणि यशया ३६ ते ३९. तिन्ही वाचा. एकच वाचलंत तर फसाल. खंडणीची हकिकत राजेच्या पुस्तकात आहे, इतिहासकारानं ती गाळली आहे. मंदिराच्या साफसफाईला इतिहासात पूर्ण अध्याय आहे, राजेमध्ये ती जवळपास नाहीच. जोडीला यशयाचा २२वा अध्याय आणि यिर्मयाचा २६वा घ्या. बहुतेक गट हे दोन सोडून देतात आणि माझ्या मते अभ्यासाचा खरा गाभा तिथंच आहे.

कुणाला बोलवायचं? ज्यांच्याकडे लहानशी का होईना, एखादी खुर्ची आहे त्यांना. सोसायटीचे चेअरमन, बचत गटाच्या अध्यक्षा, वॉर्डातली सिस्टर, सातपूर-अंबडच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर, शाळेच्या मुख्याध्यापिका, मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीचा एखादा सभासद. आमचा गट नाशिकला शरणपूर रोडच्या बाजूला जमतो आणि त्यात एक बिगरख्रिस्ती गृहस्थही येतात, टाकळीकडचे निवृत्त शिक्षक. असा एक माणूस गटात जरूर असू द्या. तो असला की आपण आपली ठरलेली भाषा बोलून सुटू शकत नाही, प्रत्येक गोष्ट नीट समजावून सांगावी लागते. वार कुठलाही ठेवा, बुधवार मात्र नाशकात नको. बाजाराच्या दिवशी बायका येत नाहीत, आणि त्या आल्या नाहीत तर अभ्यासात फक्त मतं उरतात.

पहिल्याच बैठकीत एक नियम सांगून टाका. पक्ष, चिन्ह, मंत्री, आमदार, नगरसेवक, कुणाचंही नाव घ्यायचं नाही. देशाची काळजी आहे म्हणूनच आपण जमलोय, हे खरं. पण ‘आजचा हिज्कीया कोण आणि आजचा सन्हेरीब (त्याच्यावर चालून आलेला अश्शूरचा राजा) कोण’ हा खेळ सुरू झाला की अभ्यास तिथंच संपतो. प्रत्येकाला आपला पुढारी हिज्कीया वाटतो आणि समोरच्याचा सन्हेरीब. राजाच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही, स्वतः बसायचं. प्रत्येक अध्यायाला एकच प्रश्न विचारायचा: माझ्या ताब्यात जेवढं आहे तेवढ्यात मी इथं काय केलं असतं?

मग पार्श्वभूमी, दहा मिनिटांत, जास्त नको. उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरी साम्राज्यानं संपवलं. त्याची राजधानी शोमरोन पडली, लोक हद्दपार झाले. दक्षिणेला डोंगरात यहूदा उरलं, तेही अश्शूरचं मांडलिक होऊन. ते मांडलिकत्व हिज्कीयाचा बाप आहाज यानं आपण होऊन ओढवून घेतलं होतं. शेजारी राजांच्या धास्तीनं त्यानं मंदिरातलं सोनं-रुपं अश्शूरच्या राजाला पाठवून मदत मागितली, आणि पुढे मंदिराची दारंच लावून टाकली. एक नकाशा भिंतीवर लावा. यहूदा केवढं होतं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे.

दार उघडणं

२ इतिहास २९ मोठ्यानं वाचा. नव्या राजानं पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात काय केलं? सैन्य मोजलं नाही, कर बसवला नाही, बापाच्या माणसांना पकडलं नाही. मंदिराची दारं उघडून दुरुस्त केली आणि लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या कुळाला, आतली घाण काढायला लावली. अंगणापासून देवडीपर्यंत यायला आठ दिवस, आतल्या भागाला आणखी आठ. १६व्या दिवशी काम संपलं. निघालेला कचरा किद्रोनच्या ओढ्यात टाकला. शास्त्रात ही नोंद एखाद्या कामाच्या डायरीसारखी आहे आणि ती तशीच वाचावी, घाईनं आत्मिक अर्थ काढू नये.

त्याच्या भाषणाकडेही लक्ष द्या. देशाची ही दशा शत्रूमुळे झाली असं तो म्हणत नाही. आपल्या बापजाद्यांनी पाठ फिरवली, असं तो उघड म्हणतो, आणि समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे की हा स्वतःच्या सख्ख्या बापाबद्दल बोलतोय. घराण्याची चूक घराण्यातल्याच माणसानं चारचौघांत सांगणं आपल्याकडे किती जणांना जमतं? राजकारणात तर राहू द्या, मंडळीत तरी?

या बैठकीला एक घरचा अभ्यास द्या. प्रत्येकानं आपल्या संस्थेतलं एक बंद दार शोधून आणायचं. मोघम नको. ‘प्रेम कमी झालंय’ असं कुणी आणलं तर परत पाठवा. आमच्याकडे आलेली उत्तरं अशी होती: सोसायटीचं रखडलेलं ऑडिट, दुरुस्ती निधीची कुणालाच न सापडणारी पावतीपुस्तकं, शाळेतली कुलूप लावलेली प्रयोगशाळा, बचत गटात एकीच्याच घरी राहणारी वही. ज्यानं जे आणलं त्यानं ते उघडायला किती दिवस लागतील हे त्याच बैठकीत सांगायचं. लेव्यांना १६ लागले.

इथंच पितळेच्या सापाचं घ्या, २ राजे १८:४. रानात मोशेनं खांबावर चढवलेला तो साप पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला होता आणि लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. हिज्कीयानं तो फोडला. हे वचन शिकवताना सांभाळा. काही भाऊ लगेच दुसऱ्याच्या देवघराकडे बोट दाखवतात. असं बोट नाशिकमध्येच काय, कुठंही दाखवू नये, आणि इथं ते वचनालाही धरून नाही. हा साप परक्यांचा नव्हता. त्यांच्याच घरातला, त्यांच्याच सर्वांत मोठ्या पुढाऱ्याच्या हातचा, एके काळी देवाच्या आज्ञेनं केलेला होता. तेव्हा प्रश्न असा विचारा: आमच्या मंडळीत असं काय आहे, जे एकदा खरंच उपयोगी पडलं आणि आता नुसतं पूजलं जातं? आमच्याकडे या प्रश्नावर बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि नंतर सगळे एकदम बोलायला लागले. त्यात देणगीदारांच्या नावांच्या पाट्यांपासून वार्षिक जेवणापर्यंत पुष्कळ काही निघालं. काय निघालं ते सगळं इथं लिहिलं तर मला रविवारी उपासनेला जाता येणार नाही.

वल्हांडण म्हणजे मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेचा सण; त्याच्या आमंत्रणाचा अध्याय, २ इतिहास ३०, एका बैठकीत बाकी विषयांबरोबर उरकता येतो. दोनच गोष्टी टिपा. बैर-शेबापासून दानापर्यंत जासूद पाठवले, म्हणजे मोडून पडलेल्या उत्तरेतल्या भाऊबंदांनाही बोलावलं, आणि तिकडच्या बहुतेकांनी त्या जासुदांना हसून घालवलं. तरी थोडे आले. आणि आलेल्यांपैकी पुष्कळांनी विधीप्रमाणे शुद्धी केली नव्हती, तसेच जेवायला बसले. राजानं त्यांना उठवलं नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना केली. नियमाचा अर्थ सांभाळायचा की नियमाची ओळ, यावर मुख्याध्यापिकाबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांना बोलू द्या.

बोगदा

आता माझा विषय. याला पूर्ण बैठक द्या, जमलं तर दोन.

यहूदाची राजधानी यरुशलेम (जेरुसलेम). तिचा झरा गीहोन, तो मोक्याच्या जागी नव्हता, उताराला खाली होता. वेढा पडला तर पाणी शत्रूला आणि तहान आपल्याला. हिज्कीयानं बाहेरचे झरे आणि ओढा बुजवला आणि गीहोनचं पाणी डोंगराच्या पोटातून शहराच्या पश्चिमेकडे आत आणलं. ज्याला आज हिज्कीयाचा बोगदा म्हणतात तो अजून वाहता आहे, लोक त्यातून पाण्यात चालत जातात. काही अभ्यासक त्याच्या काळाबद्दल वाद घालतात, बहुतेक जण तो याच राजाचा मानतात. लांबी ५३३ मीटर. मार्ग नागमोडी, कारण सरळ रेषेत तेच अंतर सव्वातीनशे मीटरच्या आसपास आहे. दोन टोळ्या दोन टोकांकडून खडक फोडत आल्या आणि मध्ये भेटल्या. सबंध लांबीत उतार साधारण ३० सेंटिमीटर.

हे आकडे नुसते वाचून दाखवू नका, कुणाला काही कळत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, खोलीच्या दोन टोकांना दोघांना धरायला लावा आणि भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करा. मग सांगा की बोगद्याच्या हिशेबानं दहा मीटरच्या हॉलला उतार येतो साडेपाच मिलिमीटर. आपल्या घरातली मोरीसुद्धा याच्या कितीतरी पट उतार देऊन बांधतात आणि तरी पाणी तुंबतं. हे लोक खडकाच्या आत, दिव्याच्या उजेडात, समोरची टोळी कुठं आहे हे न दिसता काम करत होते. आमच्या शिफ्ट सुपरवायझरनं नळी हातात धरूनच विचारलं, “मग भेटले कसे?” याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडे नाही. पण भेट झाली त्या क्षणाचं वर्णन मात्र आहे. १८८० साली बोगद्याच्या भिंतीवर सहा ओळींचा कोरीव लेख सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तीन हात खडक उरला असताना एका माणसाची हाक दुसऱ्याला ऐकू आली, कुदळीवर कुदळ आली, आणि पाणी झऱ्यापासून तळ्यापर्यंत १२०० हात वाहिलं, असं त्यात म्हटलंय. डोक्यावर खडक किती होता तेही दिलंय: १०० हात.

त्या लेखात राजाचं नाव नाही. आमच्या खात्यातल्या कुठल्याही कोनशिलेपुढे उभं राहा आणि मग हे वाक्य पुन्हा वाचा.

शरणपूरच्या माणसाला इथं आपला एक मुलगा आठवल्याशिवाय राहत नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशननं इथं वाढवली, शिकवली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मिशनरी-शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या तांड्यात सामील झाला. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारल्यावर तिथल्या झाडाच्या खोडावर लेख कोरला तो त्यानं, आणि पुढच्या वर्षी शव लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पोचेपर्यंत सोबत राहिला तोही तोच. शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणारे बाकीचे सोबती कोण होते हे किती जणांना सांगता येईल? बैठकीत हे सांगा. पुढारीपणाचा अभ्यास कुदळ मारणाऱ्यांचं नाव न घेता करू नये.

आता यशया २२. इथं बरेच जण दचकतात. संदेष्टा जवळजवळ हीच सगळी कामं मोजतो: खालच्या तळ्याचं पाणी साठवलंत, दोन तटांच्या मध्ये टाकं केलंत, यरुशलेमची घरं मोजलीत आणि तट मजबूत करायला घरं पाडलीत. आणि मग म्हणतो, पण ज्यानं हे मुळात योजलं त्याच्याकडे तुम्ही पाहिलं नाहीत. काम चुकलं असं तो म्हणत नाही. काम करताना नजर कुठं होती, एवढंच विचारतो. टाकळीचे मास्तर लगेच समर्थांची चळवळ आणि अधिष्ठानाची ओवी म्हणाले, आणि ती आम्हा ख्रिस्ती मंडळींनाही शाळेपासून पाठ होती.

मला स्वतःला त्या उताऱ्यातल्या पाडलेल्या घरांपाशी थांबावंसं वाटतं. जुन्या यरुशलेमात उत्खननात सुमारे सात मीटर रुंदीचा तट सापडला आहे आणि तो चक्क घरांच्या भिंतींवरून गेलेला दिसतो. ती घरं कुणाची? आमच्या भाषेत ते प्रकल्पग्रस्त. आणि तटाबाहेरचे झरे बुजवले तेव्हा बाहेरच्या वाड्यावस्त्यांनी पाणी कुठून भरलं? गंगापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या आणि जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की तापणाऱ्या नाशिककरानं हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या आधी विचारायला हवा. शास्त्र याचं उत्तर देत नाही, पण घरं पाडल्याची नोंद ठेवतं, हे काय कमी आहे? गटाला विचारा: तुमच्या संस्थेच्या सर्वांत चांगल्या कामात कुणाचं घर पडलं, आणि त्याची नोंद कुठं आहे?

त्याच अध्यायात पुढे शेबना भेटतो. राजवाड्याचा कारभारी, पाठीशी संकट उभं असताना स्वतःसाठी उंचावर खडकात थडगं कोरून घेत होता. त्याची जागा एल्याकीमला मिळेल असं यशया सांगतो, आणि वेढ्याच्या वेळी खरोखरच एल्याकीम कारभारी झालेला दिसतो, शेबना चिटणीस. पदावनती. पण हाकललेला नाही, कामावर आहे. यावर आमच्याकडे चांगला वाद झाला. भ्रष्ट माणसाला पूर्ण काढावं की खाली बसवून त्याच्याकडून काम घ्यावं? मी निर्णय दिला नाही, तुम्हीही देऊ नका.

तटाखालची बोलाचाली

इ.स.पू. ७०१. सन्हेरीब यहूदावर चालून आला. यशया ३६ वाचण्याआधी २ राजे १८:१४ ते १६ ही तीन वचनं वाचा. हिज्कीयानं आधी शरणागतीचा निरोप पाठवला: माझं चुकलं, सांगाल ते देतो. ३०० किक्कार रुपं आणि ३० किक्कार सोनं (किक्कार हे तेव्हाचं वजन), म्हणजे सोनंच सुमारे एक टन. त्यासाठी त्यानं स्वतः मढवलेल्या मंदिराच्या दारांचं सोनं खरवडून दिलं. पहिल्या बैठकीत ज्या दारांचं कौतुक केलं तीच दारं ही. गटातल्या कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या. आणि खंडणी घेऊनही सैन्य आलंच.

सन्हेरीबचा सरदार रब्शाके तटाखाली येऊन बोलतो; त्याचं भाषण वाटून वाचा. खणखणीत आवाजाचा माणूस रब्शाके, तिघं जण हिज्कीयाचे अधिकारी, बाकी सगळे तटावरचे लोक. तो उभा कुठं आहे ते आधी दाखवा: वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटाच्या शेताच्या वाटेवर. यशया ७:३ काढा. कित्येक वर्षांपूर्वी यशया याच जागी आहाजला भेटला होता आणि घाबरू नकोस म्हणाला होता. बापानं ऐकलं नाही, त्याचं फळ आता मुलासमोर त्याच पाटाजवळ उभं आहे.

भाषण धूर्त आहे. मिसर म्हणजे मोडका बोरू, टेकशील तर हातात घुसेल. हे तर यशयाही सांगत होताच. तुमच्या देवाच्या वेद्या तुमच्याच राजानं पाडल्या, मग देव तुमच्या बाजूनं कसा? २००० घोडे देतो, स्वार आहेत का तुमच्याकडे? आणि शेवटी लोकांना थेट आमिष: माझ्याशी तह करा, प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीचं आणि अंजिराचं खा. द्राक्षांच्या मुलखात राहणाऱ्यांना याची गोडी सांगावी लागत नाही. अधिकारी विनवतात की अरामी भाषेत बोला, लोकांना कळेल असं नको. तो मुद्दाम आणखी मोठ्यानं लोकांच्या भाषेत बोलतो. खऱ्यात खोटं कसं मिसळलंय ते वाक्यागणिक फळ्यावर लिहून काढा. दोन रकाने करा. डाव्या रकान्यात बरंच खरं भरतं, आणि तिथंच गटाला भीती कशी काम करते हे कळतं.

मग लोक काय करतात? गप्प बसतात. राजाचा हुकूम होता, उत्तर देऊ नका. मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या मजकुराबद्दल मी इथं वेगळं भाष्य केलं नाही. सिस्टरनं आपला फोन पालथा ठेवला, सगळ्यांनी ठेवले.

पुढे सन्हेरीबचं धमकीचं पत्र येतं. हिज्कीया ते घेऊन मंदिरात जातो आणि परमेश्वरापुढे पसरतो. त्याची प्रार्थना फळ्यावर लिहा आणि तिच्यातला एक तुकडा अधोरेखित करा: अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उजाड केली हे खरं आहे. पत्रातली वस्तुस्थिती तो नाकारत नाही. ‘सगळं ठीक होईल’ म्हणणारा विश्वास हा नव्हे. याचा सराव असा घ्या: प्रत्येकानं ज्या कागदाची भीती वाटते तो आणायचा. नोटीस, बँकेचं पत्र, तपासणीचा रिपोर्ट. वाचून दाखवायचा नाही. समोर उलगडून ठेवायचा, मनातल्या मनात त्यातलं खरं काय ते कबूल करायचं आणि प्रार्थना करायची. पाच मिनिटं पुरतात. मास्तरांनीही एक कागद आणला होता.

यानंतर शत्रूची बाजू वाचा. सन्हेरीबनं आपल्या स्वारीचा वृत्तान्त मातीच्या बहुकोनी स्तंभांवर लिहवून ठेवला, त्यांतला एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ४६ तटबंदीची शहरं घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा यरुशलेमात कोंडला, असं तो म्हणतो. ३० किक्कार सोनंही तो नोंदवतो, रुप्याचा आकडा मात्र ८०० सांगतो. यरुशलेम घेतलं असं कुठंही म्हणत नाही. शास्त्र सांगतं की एका रात्रीत देवदूतानं १,८५,००० मारले. गटात आकड्यावर वाद घालत बसू नका. शहर पडलं नाही यावर दोन्ही बाजू सहमत आहेत, त्यापासून सुरुवात करा. आणि सन्हेरीबचा शेवट शास्त्रात दोनच वचनांनंतर येतो म्हणून लगेच झाला असं समजू नका. मुलांनी त्याला मारलं ते इ.स.पू. ६८१ साली.

यहूदाचं तटबंदीचं शहर लाखीश मात्र पडलं. अश्शूरची राजधानी निनवे, तिथल्या राजवाड्यात त्या वेढ्याची दगडी चित्रं होती, तीही लंडनला आहेत: उतारावर चढणारी यंत्रं, बैलगाडीवर बसून हद्दपारीला निघालेल्या बायका-मुलं. सिस्टरनं ती चित्रं पाहून विचारलं, “लाखीशच्या लोकांनी प्रार्थना केली नसेल का?” असा प्रश्न तुमच्या गटात आला की घाईनं वचन शोधू नका. आमच्यात कुणी उत्तर दिलं नाही आणि मी पुढची बैठक जाहीर केली.

आजारपण आणि पाहुणे

अंजिराचं पोटीस, वाढवून मिळालेली १५ वर्षं, मागे सरकलेली सावली, हे भराभर वाचा. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजदूतांपाशी सावकाश व्हा. ते आजाराची चौकशी करायला आले आणि राजानं त्यांना सोनं, सुगंधी तेलं, शस्त्रागार, सगळं फिरवून दाखवलं. यशयानं सांगितलं की हे सगळं एक दिवस बाबेलला जाईल, तुझे वंशजही. यावर हिज्कीया म्हणतो की वचन चांगलं आहे, आणि मनात म्हणतो, माझ्या दिवसांत तरी शांती राहील ना. ज्यानं पत्र पसरलं त्याच माणसाचं हे बोलणं. त्याच्या मागून मनश्शे १२व्या वर्षी गादीवर आला, म्हणजे तो वाढीव १५ वर्षांत जन्मलेला, आणि बापानं केलेलं त्यानं बहुतेक सगळं उलटवलं.

धरणाचा आराखडा करताना तळाशी मृतसाठा धरतात, पुढे वर्षानुवर्षं येणाऱ्या गाळासाठी. जे पाणी आपण कधी वापरणार नाही त्याची उंची आधी मोजावी लागते. गटात प्रत्येकाकडून लिहून घ्या: माझ्यानंतर या खुर्चीवर कोण, आणि त्याला मी आतापर्यंत काय शिकवलंय? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी अर्धं पानही लागत नाही, असं आमच्याकडे दिसलं.

शेवटची बैठक यिर्मया २६ची. सुमारे शंभर वर्षं लोटली आहेत. यिर्मयानं मंदिराविरुद्ध भाकीत केलं म्हणून त्याला ठार मारा असा ओरडा चालला आहे. तेव्हा देशातले काही वडील उठतात आणि दाखला देतात: हिज्कीयाच्या दिवसांत मोरेशेथच्या मीखानं याहून भयंकर सांगितलं होतं, सियोन शेतासारखी नांगरली जाईल म्हणाला होता. हिज्कीयानं त्याला मारलं का? तो तर परमेश्वराला भ्याला. बोगदा, तट, वल्हांडण यांचा त्या म्हाताऱ्यांनी उल्लेखही केला नाही. टीका करणारा माणूस त्या राजाच्या राज्यात जिवंत राहिला, एवढंच त्यांना दाखल्याला उपयोगी पडलं, आणि यिर्मया वाचला.

या बैठकीला आपल्या मंडळीतला किंवा सोसायटीतला सर्वांत कटकट्या माणूस बोलवा. प्रत्येक वार्षिक सभेत हात वर करणारा एक तरी असतोच. त्याला आगाऊ सांगा की आधी तोच बोलणार आहे, मध्ये कुणी तोडणार नाही, आणि कमिटीवर असलेल्या सभासदानं त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहून पुढच्या सभेच्या इतिवृत्तात घालायचं आहे. आमच्या वेळी ते गृहस्थ आपली फाइल घेऊन आले होते. ती तपासायला आम्ही आणखी एक वार ठरवला.